महाद्वाराबाहेरची पंढरी



पंढरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? चंद्रभागेचे पात्र, पुंडलिकाचे देऊळ, नामदेव पायरी, महाद्वार आणि आत विटेवरची ती समचरण मूर्ती. शेकडो वर्षे आपले वाडवडील याच वाटेने आत गेले आणि माथा टेकून परतले. आपल्या मनातला पंढरीचा इतिहासही म्हणून बहुधा देवळाचाच असतो. आक्रमणाच्या काळात मूर्ती कुठे हलवली, पालखी सोहळा कोणी सुरू केला, कोणत्या फडाची परंपरा किती जुनी, हे आपण आवडीने ऐकतो आणि पुढच्या पिढीला सांगतो.

पण पंढरपूर हे एक गाव आहे. आज ते शहर झाले आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकवस्ती एक लाखाला थोडी कमी भरली. आषाढीला त्यात कित्येक लाखांची भर पडते. एवढ्या माणसांना जेवण लागते, निवारा लागतो, पाणी लागते, आजारपणात औषध लागते आणि शौचाला जागा लागते. ही सोय कोणी केली, कोणासाठी केली आणि त्या सोयीतून कोण वगळले गेले, याचाही एक इतिहास आहे. तो देवळाच्या भिंतीबाहेर घडला. या लेखात तुम्हाला त्या बाहेरच्या पंढरीतून फिरवून आणायचे आहे. वाटेत तीन-चार दारांशी थांबू. प्रत्येक दाराशी एकच गोष्ट पाहू: इथे माणसाला काही दिले गेले, की त्याला आत घेतले गेले?

दान आणि न्याय यांतला फरक एवढाच आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाच्या ओंजळीत भाकरी घातली तर त्याची भूक भागते, आणि ते पुण्याचेच काम आहे. पण तो दारातच का उभा आहे, हे विचारल्याशिवाय दुसरे काम सुरू होत नाही. आपल्या पंढरीत ही दोन्ही कामे झाली आहेत. पहिले पुष्कळ झाले. दुसरे थोड्यांनी केले आणि त्यासाठी फार सोसले.

पंगत आणि तिची कड

पंढरीतील दानधर्माला तोटा कधीच नव्हता. संस्थानिकांनी वाडे आणि घाट बांधले, सावकारांनी अन्नछत्रे चालवली, फडकऱ्यांनी मठ उभे केले. गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून धर्मशाळा बांधल्या. एकादशीला फराळ आणि द्वादशीला पारण्याची पंगत, हा क्रम आजही चालू आहे. अनोळखी माणसाला ‘माऊली’ म्हणून पानावर बसवायचे आणि त्याच्या पाया पडायचे, ही रीत आपण जपली, ही लहान गोष्ट नाही.

मात्र या दानाला एक कड होती. धर्मशाळा बहुतेक जातीजातींच्या होत्या. ज्याची जात त्याची ओसरी, असा हिशेब होता. ज्या जातींना अस्पृश्य ठरवले होते त्यांनी वारी चुकवली नाही. पताका त्यांच्याही खांद्यावर होती, टाळ त्यांच्याही हातात होते. पण मुक्कामाला त्यांच्यासाठी वाळवंट होते, उघडे आभाळ होते, आणि दर्शनाची हद्द होती चोखोबांच्या समाधीपर्यंत.

त्या समाधीची जागा आठवा. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून त्याखाली गेले. नामदेवराय तिथे गेले, त्यांच्या अस्थी शोधून पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली, असे परंपरा सांगते. नामदेवांनी केले ते त्या काळात फार मोठे धाडस होते. गावाने ज्याला शिवू दिले नाही, त्याला त्यांनी देवाच्या दारात आणले. पण दारातच. पुढे सहाशे वर्षे त्या समाधीचा उपयोग एका रेघेसारखा झाला. ज्यांना चोखोबांचे नातलग मानले त्यांनी इथपर्यंत यावे, इथून शिखर पाहावे आणि मागे फिरावे. संताला मान दिला आणि त्याच संताच्या नावाने त्याच्या लोकांना थांबवले. हे आपल्याच गावात घडले आहे, माऊली, आणि ते आपण डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

१८७५: पाळण्याचे दार

आता पहिल्या दाराकडे वळू. हे दार पंढरीत आहे, पण वारकऱ्यांपैकी फार थोडे तिकडे जातात.

एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय घरांत मुलींची लग्ने लहानपणी होत. नवरा मेला की त्या पोरवयात विधवा होत. पुनर्विवाह नाही, केशवपन झालेले, आणि घरातल्याच कोणाच्या वाईट नजरेपासून संरक्षण नाही. अशी एखादी मुलगी गरोदर राहिली की घराची अब्रू वाचवण्यासाठी तिला यात्रेच्या निमित्ताने बाहेर काढले जाई. क्षेत्राच्या ठिकाणी गर्दी असते, ओळख लपते. जन्मलेले मूल नदीकाठी सोडले जाई, किंवा जगू दिले जात नसे. पकडली गेली तर शिक्षा त्या बाईला होई. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले ते याच कारणाने. अशा बायांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, वाटल्यास मूल ठेवून जावे, पण त्याचा जीव घेऊ नये, असे त्यांनी जाहीर केले होते.

पंढरपूर हे क्षेत्र असल्याने इथे हा प्रश्न जास्तच बोचरा होता. १८७५ साली इथे न्यायखात्यात काम करणारे लालशंकर उमियाशंकर त्रवाडी या गुजराती गृहस्थाने प्रार्थना समाजाच्या वतीने अशा अर्भकांसाठी आश्रम सुरू केला. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. माणसे गाव सोडून अन्नाच्या शोधात निघाली, वाटेत मेली आणि त्यांची पोरे रस्त्यावर राहिली. अशा पोरक्या मुलांनाही या आश्रमाने घेतले. पुढे मुंबईचे वासुदेव बाबाजी नवरंगे यांचे नाव संस्थेला मिळाले. पंढरीचा नवरंगे बालकाश्रम तो हाच.

इथे थोडे थांबा. प्रार्थना समाजाचे लोक मूर्तिपूजा मानत नव्हते. विठ्ठलाच्या दर्शनासाठी ते रांगेत उभे राहिले नसतील. पण तुकोबांच्या अभंगांवर त्यांचा जीव होता. त्यांच्या प्रार्थनेत आणि प्रवचनांत तुकोबा सतत असत. तुकोबांनी देव कुठे ओळखावा म्हणून सांगितले आहे, ते तुम्हाला तोंडपाठ आहे. या माणसांनी ते फक्त पाठ केले नाही. पंढरीत टाकलेल्या पोरांच्या रडण्यात त्यांना तो पत्ता सापडला.

आपल्या परंपरेत एकनाथ महाराजांची गोष्ट सांगतात. पैठणच्या तापलेल्या वाळूत एक पोर रडत होते. ते कोणत्या घरचे, कोणत्या जातीचे, याची चौकशी न करता नाथांनी ते कडेवर घेतले. कीर्तनात हा प्रसंग आला की आपले डोळे भरतात. पंढरीच्या वाळवंटातली पोरे कडेवर घेण्यासाठी मात्र एक दार रोज उघडे ठेवावे लागले, दाई ठेवावी लागली, दुधाचा खर्च भागवावा लागला आणि गावाची कुजबुज सोसावी लागली. एका क्षणाच्या करुणेला संस्थेचे रूप दिले की त्यामागे हिशेबाच्या वह्या, वर्गणीदार आणि पहाटे उठणारी माणसे लागतात. दया टिकवायची तर हा एवढा खटाटोप करावाच लागतो.

ही परंपरा खंडित झाली नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला एचआयव्हीची लागण झालेल्या मुलांना नातलगही घरात ठेवायला घाबरत होते. तेव्हा पंढरपुरातच मंगलताई शहा यांनी ‘पालवी’ हा प्रकल्प उभा केला. काळ बदलला, आजाराचे नाव बदलले. ज्याला कोणी शिवत नाही त्याला पोटाशी धरायचे काम तेच राहिले.

गाडगेबाबांची धर्मशाळा

दुसरे दार धर्मशाळेचे. ते उघडणाऱ्याचे नाव तुम्ही ओळखलेच असेल. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव, जात परीट. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात खराटा आणि खायला-प्यायला मातीचे गाडगे. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबा पंढरीला वर्षानुवर्षे येत राहिले. पण देवळात दर्शनाला जात नसत. ते वाळवंटात उतरत आणि झाडायला लागत. लाखो माणसांनी केलेली घाण दिवसा झाडायची आणि रात्री त्याच जागेवर कीर्तन करायचे, असा त्यांचा नेम. कीर्तनात ते प्रश्न विचारीत. देव कुठे राहतो? पोराच्या शिक्षणाला पैसा नाही आणि यात्रेला कर्ज काढता? बोकड मारल्याने कोणाचे भले झाले? अडाणी म्हणवणारा हा माणूस श्रोत्यांकडून उत्तर काढून घेई.

त्यांनी पाहिले की अस्पृश्य वारकरी पावसात भिजत वाळवंटावर झोपतात. त्यांच्या बाया उघड्यावर बाळंत होतात. त्यांची म्हातारी माणसे आजारी पडली तर छप्पर मिळत नाही. इतरांच्या धर्मशाळांचे दार ठोठावत बसण्यापेक्षा बाबांनी वर्गणी गोळा केली आणि १९२० च्या सुमारास पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. नावातच सारे सांगितले होते. ज्या चोखोबांच्या नावाने लोकांना अडवले जात होते, त्याच चोखोबांच्या नावाने त्यांना पहिल्यांदा पक्के छप्पर मिळाले. पुढे पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक आणि मुंबई अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा बांधल्या. मुंबईत उपचारासाठी आलेल्या कर्करोग्यांच्या नातलगांना राहता यावे म्हणून त्यांची दादरची धर्मशाळा किती उपयोगी पडली, हे तिथे राहिलेल्यांना विचारा.

या धर्मशाळेबद्दल दोन बाजूंनी बोलता येते. कोणी म्हणेल, वेगळी धर्मशाळा बांधली म्हणजे भेद मान्यच केला. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि बाबांनाही ते ठाऊक असावे. पण उघड्यावर झोपणाऱ्याला आज रात्री छप्पर हवे असते. भिंती पडायला पन्नास वर्षे लागणार असतील, तर त्या पन्नास वर्षांतल्या पावसाचे काय? बाबांनी आधी छप्पर दिले. मग पुढचे पाऊल टाकले, आणि ते पाऊल विसरता येणार नाही.

१९४९ साली गाडगेबाबांनी ही पंढरपूरची धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. यात्रेकरूंच्या निवाऱ्याची जागा शिकणाऱ्या मुलांच्या उपयोगी पडावी म्हणून. या दोन माणसांचा एकमेकांवर जीव होता. बाबासाहेबांनी १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, पाच वर्षे चालवला, आणि पुढे आपल्या लोकांना शिक्षणाकडे आणि राजकीय हक्कांकडे वळवले. गाडगेबाबांना ती दिशा पटत होती. उपाशी राहा, पण पोराला शाळेत घाला, असेच काहीसे ते आयुष्यभर सांगत आले होते. वारीच्या चार दिवसांचे छप्पर वर्षभराच्या अभ्यासाचे छप्पर झाले. दानाचे हक्कात रूपांतर कसे होते, हे पंढरीच्या मातीत पाहायचे असेल तर याहून चांगले उदाहरण नाही.

मे १९४७: महाद्वार

आता मुख्य दाराशी येऊ. ही गोष्ट तुम्ही ऐकली आहे. पण तिचे काही तपशील वारकऱ्याने विशेष लक्षात ठेवावेत असे आहेत.

साने गुरुजींनी १९४६ च्या कार्तिकीच्या सुमारास ठरवले, की विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण करायचे. सहकाऱ्यांनी त्यांना थांबवले. आधी लोकांना जागे करू, असे ठरले. मग सहा महिने महाराष्ट्रभर दौरा झाला. सेनापती बापट वयाने थोर, तरी बरोबर फिरले. राष्ट्र सेवा दलाची तरुण मुले गाणी गात गावोगाव गेली. या दौऱ्यात कित्येक गावांनी आपली देवळे आणि पाणवठे सर्वांना खुले केले. पंढरीच्या एका दारासाठी निघालेल्या माणसाने वाटेत इतकी दारे उघडत नेली, याचे महत्त्व उपोषणापेक्षा कमी नाही.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू झाले. गावात विरोध तीव्र होता. अशा वेळी गुरुजींना जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने. म्हणजे एका वारकरी मठाने. विरोध करणाऱ्यांच्या तोंडीही विठ्ठलाचेच नाव होते आणि आसरा देणाऱ्यांच्याही. त्या दिवसांत पंढरपुरात वारकरी असणे म्हणजे काय, याची परीक्षा एका मठाच्या दारावर झाली, आणि तो मठ उत्तीर्ण झाला.

गांधीजींनीही सुरुवातीला उपोषण सोडण्याचा सल्ला दिला होता. गुरुजी डगमगले नाहीत. दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली. बडवे मंडळींनी मंदिर खुले करण्यास संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजनांच्या मंदिर प्रवेशाचा कायदा झाला. पुढे १९५० साली राज्यघटना आली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले.

पण नुसत्या सहीने मने उघडत नाहीत. पंढरीच्या मंदिराचा कारभार आणि पूजेचे वंशपरंपरागत हक्क यांचा प्रश्न आणखी अनेक वर्षे चालला. १९७३ साली पंढरपूर मंदिरांसाठी कायदा झाला. १९८५ साली कारभार शासनाने नेमलेल्या व्यवस्थेकडे आला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांच्या हक्कांचा वाद संपला. त्याच वर्षी पूजेच्या कामासाठी सर्व जातींतून आणि स्त्रियांकडूनही अर्ज मागवले गेले. गुरुजींच्या उपोषणानंतर यायला सदुसष्ट वर्षे लागली. गुरुजींनी दार उघडले, आणि गाभाऱ्यातल्या कामापर्यंतचे अंतर नंतरच्या लोकांनी कोर्टकचेऱ्यांतून पायी चालून काढले.

वाळवंट

आणि आता शेवटचे दार. त्याला चौकट नाही, कवाडही नाही. ते म्हणजे चंद्रभागेचे वाळवंट. आणि इथे इतिहास संपत नाही, म्हणून हा भाग वाचताना तुम्हाला थोडे अवघडल्यासारखे वाटेल.

एकोणिसाव्या शतकात यात्रेबरोबर पटकी येत असे. मोठ्या यात्रांतून ती घरोघर पसरते, म्हणून सरकारी अधिकारी धास्तावलेले असत. लाखो माणसे नदीकाठी शौचाला बसणार आणि तेच पाणी पिणार, हे त्याचे उघड कारण होते. लसीने आणि नळाच्या पाण्याने पटकी मागे हटली. पण वारी संपल्यावर वाळवंट, गल्ल्या आणि रस्त्यांच्या कडा कोण साफ करणार, या प्रश्नाचे उत्तर बदलले नाही. उत्तर होते, सफाई कामगार. आणि तो सफाई कामगार कोणत्या जातीचा असणार, हे आधीच ठरलेले होते.

हाताने मैला काढायला लावण्याविरुद्ध देशात १९९३ साली कायदा झाला, आणि २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. तरीही आषाढीनंतर पंढरपुरात माणसे हाताने मानवी विष्ठा उचलत होती. हा विषय जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने शौचालयांबद्दल आणि वाळवंटातील तात्पुरत्या बांधकामांबद्दल आदेश दिले. पलीकडच्या तीरावर पासष्ट एकर जागेत वारकऱ्यांच्या मुक्कामाची व्यवस्था झाली. आज आपण ज्याला नुसते ‘पासष्ट एकर’ म्हणतो ती हीच जागा. २०१५ पासून ‘निर्मल वारी’ च्या उपक्रमात पालखी तळांवर फिरती शौचालये येऊ लागली, आणि तरुण स्वयंसेवक पहाटे शिट्ट्या वाजवत लोकांना तिकडे वळवू लागले. फरक पडला. जो वीस वर्षांपूर्वी वारीत चालला आणि आज चालतो, त्याला तो सांगावा लागत नाही.

तरीही नीट पाहा. शौचालय आले म्हणजे सफाई संपली असे नाही. ती शौचालयेही कोणीतरी धुतो. मैला ओढणारी गाडी तुंबली की कोणीतरी आत वाकतो. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच जागी नोकरी मिळते. ज्या घराला दुसरा आधार नाही त्याला हा मोठा दिलासा आहे, आणि तो काढून घ्या असे कोणीही म्हणू नये. पण त्याची दुसरी बाजूही आहे. बापाच्या हातातला झाडू पोराच्या हातात येतो. आपण आपल्या मुलाला वीणा देतो, पताका देतो, घरची वारी देतो आणि त्याला परंपरा म्हणतो. त्या घराची परंपरा कोणी ठरवली?

गाडगेबाबांचे झाडणे आता नव्याने समजून घेता येते. बाबा वाळवंट झाडत, ते गाव स्वच्छ व्हावे म्हणून तर खरेच. पण त्यांनी झाडू एका जातीच्या हातातून काढून आपल्या हातात घेतला, ही त्यातली मोठी गोष्ट. ज्या कामाची लाज वाटते ते सर्वांनी केले की त्या कामाची लाज उरत नाही आणि ते करणाऱ्याचीही उरत नाही. बाबांचे फोटो आपण भिंतीला लावले. खराटा मात्र पुन्हा होता तिथेच गेला.

आपल्या दिंडीत

माऊली, आता आपल्यापुरते पाहू. वारकरी संप्रदाय फडांचा आणि दिंड्यांचा आहे. दिंडी हीच आपली संस्था. तिला विणेकरी आहे, चोपदार आहे, भिशीचा हिशेब आहे, तंबू आहे, टँकर आहे. म्हणजे १८७५ च्या आश्रमाला किंवा गाडगेबाबांच्या धर्मशाळेला जे जमवताना नाकी नऊ आले, ते आपल्याकडे आयते आहे. त्यातून काही करायचे ठरवले तर पुष्कळ होईल.

प्रत्येक दिंडीने आपल्या भिशीत शौचालय आणि सफाईचा खर्च धरावा, जसा तांदूळ आणि गॅसचा धरतो. मुक्काम हलवताना तळ कोणी झाडायचा, याची पाळी लावावी. त्या पाळीत दिंडीचालकाचेही नाव असावे. पालखी तळावर काम करणाऱ्या सफाई कामगारांना एक दिवस आपल्या पंगतीत मानाने बसवावे आणि वाढणाऱ्यांनी त्यांची नावे विचारावीत. हातमोजे, बूट आणि साबण हे त्यांना देणे नगरपालिकेचे आणि ठेकेदाराचे कर्तव्य आहे. ते मिळाले की नाही, हे विचारण्याचा अधिकार मात्र आपला आहे, कारण ते आपलीच घाण उचलत आहेत. दिंडीची वर्गणी उरली तर दरवर्षी एका सफाई कामगाराच्या मुलीची किंवा मुलाची शाळा-कॉलेजची फी भरावी. धर्मशाळेचे वसतिगृह होऊ शकते, हे बाबांनी दाखवलेच आहे.

आणि पंढरीतल्या आपल्या मुक्कामाच्या मठात किंवा धर्मशाळेत एक साधा प्रश्न विचारावा. इथे कोणालाही उतरता येते का? उत्तर ‘हो’ असेल तर आनंद आहे. उत्तर देताना समोरचा क्षणभर थांबला, तर आपण तो प्रश्न पुढच्या वर्षी पुन्हा विचारावा.

काही जण म्हणतील, वारी ही भक्ती आहे, तिच्यात समाजकार्य कशाला आणता? त्यांना उत्तर देण्याची गरज नाही. पंढरीच्या इतिहासानेच ते दिले आहे. नामदेवांनी अस्थी गोळा केल्या, लालशंकरांनी टाकलेली पोरे घेतली, गाडगेबाबांनी छप्पर उभे केले, तनपुरे महाराजांच्या मठाने आपले दार उघडले. यांतल्या कोणीही भक्ती सोडून हे केले नाही. प्रार्थना समाजाची माणसे देवळात गेली नाहीत आणि गाडगेबाबाही गेले नाहीत. तरी त्यांना पंढरी कळली होती, हे कोण नाकारील?

आपण आषाढीला जाऊ. नामदेव पायरीला हात लावू, चोखोबांच्या समाधीपुढे वाकू आणि आत जाऊ. आता आपल्याला कोणी थांबवत नाही. चोखोबांच्या समाधीपाशी वाकताना एवढे मनात असू द्यावे की ही जागा कोणासाठी तरी सहाशे वर्षे शेवटची होती. मग दर्शन झाल्यावर वाळवंटाकडे उतरावे आणि तिथे खराटा हातात घेऊन उभ्या असलेल्या माऊलीच्या पाया पडून तिच्या हातातला खराटा घटकाभर आपल्या हातात घ्यावा.

रामकृष्ण हरी.